शेजारधर्म पुरेसा आहे काय ?

तालुक्याच्या गांवीं जातीय दंग्याचा विषय निघाला म्हणजे एक उत्तर हमखास ऐकावयास मिळतें. "आमच्याकडे तसलें कांहीं होत नाहीं, आमचे हिंदु-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदत आले आहेत." करमाळ्यासारख्या ठिकाणीं हें उत्तर केवळ बढाईचें मानतां येणार नाहीं. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोंकास, अहिल्यानगर, धाराशिव आणि पुणें ह्या तीन जिल्ह्यांना लागून असलेल्या ह्या तालुक्यांत बाजार, शेती, शाळा, दवाखाना व एस्. टी. स्टँड ह्या सर्व ठिकाणीं दोन्ही समाजांची रोजची गांठ पडते. एकाचें दुकान दुसऱ्याच्या उधारीवर चालतें, आणि एकाच्या लग्नकार्यांत दुसऱ्याचें पान मांडलेलें असतें. अशा शेजारधर्मास नांवें ठेवण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु त्यावर सर्वस्वीं विसंबून राहणें आज सुरक्षित आहे काय, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. कारण अलीकडे महाराष्ट्रांत जें घडत आहे, तें पाहिलें असतां ह्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेंच द्यावें लागतें.

घटनांचा क्रम पाहावा. १४ मे २०२३ रोजीं करमाळ्याच्या शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत, शेवगांव येथें, संभाजीमहाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं दगडफेक होऊन दंगा उसळला. त्याच वर्षीं ७ जूनला कोल्हापुरांत जमाव रस्त्यावर आला आणि पोलिसांस लाठीमार व अश्रुधूर वापरावा लागला. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं सातारा जिल्ह्यांतील पुसेसावळी येथें जमावानें मशिदीवर हल्ला केला व त्यांत एका तरुणाचा बळी गेला. १७ मार्च २०२५ रोजीं नागपुरांत दंगा होऊन एक मनुष्य प्राणास मुकला, तिसांहून अधिक पोलीस जखमी झाले आणि शहराच्या मोठ्या भागांत संचारबंदी पुकारावी लागली. १ ऑगस्ट २०२५ रोजीं पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील यवत येथें जाळपोळ झाली. ह्या पांच ठिकाणांपैकीं मोठीं शहरें दोनच. शेवगांव हें तालुक्याचें गांव, आणि पुसेसावळी व यवत हीं तर मोठीं खेडींच होत. शहरांपैकीं नागपुरानेंही १९९२ नंतर असा प्रसंग पाहिला नव्हता. म्हणजे ज्यांना 'आमच्याकडे होत नाहीं' असें म्हणण्याचा कांहीं तरी अधिकार होता, त्यांच्याच दारीं ही आपत्ति येऊन ठेपली आहे.

खेड्यापाड्यांचा हा विश्वास मुळांत निराधार नव्हता. आशुतोष वार्ष्णेय ह्या अभ्यासकांनीं १९५० पासून १९९५ पर्यंतच्या हिंदु-मुसलमान दंग्यांची मोजदाद करून २००२ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, दंग्यांत मेलेल्या लोकांपैकीं चार टक्क्यांहूनही कमी लोक खेड्यांत मेले, आणि देशांतील अवघ्या आठ शहरांत जवळजवळ निम्मे मृत्यु घडले. त्यांचा दुसरा निष्कर्ष आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. खेड्यांत मनुष्य मनुष्यास तोंडानें ओळखतो, आणि तेवढी ओळख शांतता राखण्यास सामान्यतः पुरते. शहरांत ती पुरत नाहीं. तेथें व्यापाऱ्यांचीं मंडळें, कामगारांचे संघ, वाचनालयें, राजकीय पक्ष अशा, दोन्ही समाजांचे लोक ज्यांत एकत्र बसतात त्या, सामाईक संस्था असाव्या लागतात. अशा संस्था जेथें बळकट आहेत तेथें ठिणगी पडली तरी वणवा होत नाहीं. जेथें त्या नाहींत तेथें शेजाऱ्यांच्या गोड संबंधांचा कांहीं उपयोग झालेला दिसत नाहीं.

हा सिद्धान्त हातीं धरला म्हणजे आजच्या धोक्याचें स्वरूप ध्यानांत येतें. खेड्याची ओळख जागच्या जागीं आहे. बदलला आहे तो अफवेचा मार्ग. १८९३ च्या जुलै महिन्यांत काठेवाडांत प्रभासपाटण येथें मोहरमच्या वेळीं दंगा झाला, आणि त्याची झळ मुंबईस ११ ऑगस्ट रोजीं लागली. मध्यंतरीं पंधरा-वीस दिवस गेले. २००२ सालीं अमेरिकेंतील जेरी फॉलवेल नांवाच्या धर्मोपदेशकानें दूरचित्रवाणीवर पैगंबरांविषयीं निंदेचे उद्गार काढले; पांच-सहा दिवसांतच त्यांच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदांतून सोलापुरांत दंगा पेटला आणि माणसें मेलीं. २०२३ सालीं कोल्हापुरांत कांहीं मुलांनीं आपल्या मोबाईलच्या स्टेटसवर औरंगजेबाविषयींचा चीड आणणारा मजकूर ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशीं शहरांत दगड उडाले. २०२५ सालीं नागपुरांत निदर्शकांनीं दिवसां औरंगजेबाच्या कबरीची प्रतिकृति जाळली. तींतील चादरीवर पवित्र वचनें होतीं अशी वार्ता पसरली, आणि अंधार पडण्याच्या सुमारास महाल भागांत दंगा सुरू झाला. पंधरा दिवस, पांच दिवस, एक दिवस आणि शेवटीं कांहीं तास, अशी ही उतरती भाजणी आहे.

पूर्वीं गांवांत वाईट बातमी आली म्हणजे ती सांगणारा मनुष्य समोर उभा असे. त्याला 'तुला हें कोणीं सांगितलें ?' असें विचारतां येत असे. तो कोणाचा कोण, त्याची जीभ कितपत विश्वासाची, हें सर्वांस ठाऊक असे. चार वडीलधारी माणसें पारावर बसून खऱ्याखोट्याची छाननी करीत, तोंवर रागही निवत असे. आज बातमी हातांतील फोनवर येते. ती पाठविणारा गांवचा नसतो, पुष्कळदां जिल्ह्याचाही नसतो. आणि ज्याच्याविरुद्ध ती असते, तो मात्र पलीकडच्या आळींतील ओळखीचा शिंपी किंवा गॅरेजवाला असतो. ओळखीचें संरक्षण अनोळखी माणसाच्या हल्ल्यापुढें कसें पुरावें ? खेडें आपल्या राहणीनें खेडेंच राहिलें, पण अफवेच्या दृष्टीनें तें शहर झालें, आणि शहराला लागणाऱ्या संस्था मात्र त्याच्यापाशीं नाहींत. आमच्या मतें आजच्या धोक्याचें मूळ येथें आहे.

कित्येक थोर गृहस्थ आपल्या गांवच्या उज्ज्वल परंपरेकडे बोट दाखवितात. परंपरेचें मोल आम्हीही जाणतों. करमाळ्याच्या कमलाभवानीचें भव्य देवालय राव रंभा निंबाळकरांच्या घराण्यानें अठराव्या शतकांत उभें केलें, आणि हे निंबाळकर निजामाचे सरदार होते. मुसलमान राज्यकर्त्याच्या पदरचा मराठा सरदार देवीचें देऊळ बांधतो, हा इतिहास ज्या गांवच्या दगडांत आहे, त्या गांवच्या पोरांनीं तीनशें वर्षांपूर्वीं मेलेल्या बादशहासाठीं एकमेकांचीं डोकीं फोडावीं ह्यासारखें दुर्दैव नाहीं. जिल्ह्याचें ठाणें जें सोलापूर, तेथें १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे एकाच दिवशीं फांशीं गेले. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०६ सालीं मुस्लिम बोर्डिंग स्थापन केलें. परंतु हुतात्म्यांचें स्मारक सोलापुरास २००२ सालीं वांचवूं शकलें नाहीं, आणि शाहू महाराजांचें नांव कोल्हापुरास २०२३ सालीं वांचवूं शकलें नाहीं. स्मृति कितीही पवित्र असली तरी संकटाच्या रात्रीं ती स्वतः रस्त्यावर उभी राहूं शकत नाहीं. त्या स्मृतीस जागणारीं माणसें, पूर्वीं ठरवून दिलेल्या जागीं, ठरलेल्या कामासाठीं उभीं राहावीं लागतात.

असें करतां येतें ह्याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. ७ मे १९७० रोजीं भिवंडीस शिवजयंतीच्या मिरवणुकींतून भयंकर दंगा झाला, आणि त्याचे पडसाद जळगांव व महाड येथें उमटले. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें त्याची सविस्तर चौकशी करून पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. अहवाल झाला, वर्षें गेलीं, शहर शांत दिसूं लागलें. चौदा वर्षें गेल्यावर १९८४ च्या मे महिन्यांत त्याच भिवंडींत पुनः रक्त सांडलें व मुंबईही होरपळली. वरून शांत दिसणाऱ्या त्या चौदा वर्षांत आंतील दुरुस्ती झालेली नव्हती. पुढें १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या स्थापन केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षां साध्या माणसांचा भरणा अधिक होता. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत पोलिसांची त्यांच्याशीं वरचेवर बैठक होई. आणि धर्माच्या वादाबरोबरच नळ, गटार व घरगुती भांडण ह्यांचीही तेथें वासलात लागे. १९९२ चा डिसेंबर व १९९३ चा जानेवारी ह्या दोन महिन्यांत मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. दोन वेळां जळालेलें शहर तिसऱ्या वेळीं वांचलें, तें तेथील लोकांचे स्वभाव एकाएकीं पालटले म्हणून वांचलें नाहीं. रोजच्या कामांतून एकमेकांस जाणणारीं माणसें त्या रात्रीं जागेवर होतीं, म्हणून वांचलें. ह्याच भिवंडींत २००६ सालीं पोलीसठाण्याच्या जागेवरून जमाव व पोलीस यांच्यांत झगडा होऊन दोन पोलिसांस ठार मारण्यांत आलें, हेंही सांगितलें पाहिजे. तो हिंदु-मुसलमानांचा दंगा नव्हता. परंतु एकदां जोडलेला विश्वास कायम राहतो असें समजणें भ्रमाचें आहे, एवढें त्यावरून उघड होतें.

ह्यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. शांत गांवांत दंग्याची चर्चा करणें म्हणजे दंग्यास आमंत्रण देणें, असें म्हणणारे लोक आहेत. त्यांचा हेतु चांगला असतो, पण त्यांचा तर्क चुकीचा आहे. धरणाची भिंत उन्हाळ्यांत तपासली म्हणून पूर येत नाहीं, हें उजनीच्या पाणलोटाकांठीं राहणाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. दुसरे म्हणतील, शांतता राखणें हें पोलिसांचें काम आहे. तें त्यांचें काम आहेच; पण तालुक्याच्या ठाण्यांतील मोजके शिपाई जमाव जमल्यावर त्यास पांगवूं शकतात, जमाव जमण्यापूर्वींचें काम त्यांना एकट्यांना साधणारें नाहीं. जेथें जनता गप्प बसते, तेथें पोलीस शेवटीं बंदुकीवर येतात, आणि गोळी ज्यास लागते तो पुष्कळदां दंग्यांत नसतोच.

दंग्याची सुरुवात पहिल्या दगडापासून होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें ती पुष्कळ आधीं, बहिष्काराच्या पहिल्या शब्दापासून होते. २०२५ च्या फेब्रुवारींत पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें, कानिफनाथांच्या यात्रेंत मुसलमान व्यापाऱ्यांनीं दुकानें लावूं नयेत असा ठराव ग्रामसभेंत झाला. प्रशासनानें तो रद्द ठरविला हें योग्यच झालें. परंतु ज्या गांवांत ठराव न होतां नुसती कुजबुज होते, त्या गांवचें काय ? 'त्याच्या दुकानांतून घेऊं नका', 'त्याला गाळा देऊं नका', अशीं वाक्यें बाजारांत खपूं लागलीं म्हणजे ज्या शेजारधर्माचा आपण अभिमान बाळगतों, त्याचें भांडवल दिवसेंदिवस आटत जातें, आणि तें आटल्याचें मात्र संकटाच्या दिवशींच कळतें. व्यापारी मंडळांनीं व बाजार समित्यांनीं ह्या कुजबुजीस वेळींच उघड नकार दिला पाहिजे. दुसऱ्या बाजूस, आपल्या घरांतील पोर फोनवर मुद्दाम चिथावणीचा मजकूर ठेवतो हें दिसत असतां जे मुसलमान पालक व मौलवी त्याकडे कानाडोळा करतात, तेही ह्याच भांडवलास आग लावतात. दोष सांगतांना आम्ही कोणाचाच धर्म पाहत नाहीं.

न्यायाचा प्रश्न ह्याहून निकराचा आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंग्यांत ९०० माणसें मेलीं असें न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें नमूद केलें. त्यांचा अहवाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. आणि बेपत्ता झालेल्यांच्या वारसांस भरपाई द्यावी, निजलेले खटले उठवावे, असें सर्वोच्च न्यायालयास २०२२ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनीं, सरकारास बजावून सांगावें लागलें. ज्याच्या घरचा मनुष्य गेला त्यास तीस वर्षें दाद मिळत नाहीं, तेव्हां 'कायद्यावर विश्वास ठेवा' हा उपदेश त्याच्या मुलास कोणत्या तोंडानें करावा ? उलट, नागपुरांत दंग्यानंतर एका आठवड्यांत आरोपीचें घर पाडण्यांत आलें, आणि उच्च न्यायालयास ती कारवाई थांबवावी लागली. न्यायास इतका उशीर आणि शिक्षेस इतकी घाई ! दोन्हींचा परिणाम एकच होतो. शासन आपलें नाहीं अशी एका समाजाची समजूत होते, आणि शासन आपलेंच आहे असा दुसऱ्या समाजांतील गुंडांस धीर येतो. द्वेषपूर्ण भाषण करणारा कोणत्याही धर्माचा असो, तक्रारीची वाट न पाहतां त्याच्यावर गुन्हा नोंदवावा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २८ एप्रिल २०२३ रोजीं सर्व राज्यांस दिला. तो हुकूम तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोंचला पाहिजे.

ज्यांना समाजसुधारणा प्रिय आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट मनांत वागवावी. दंग्याचा पहिला बळी जसा गरीब मनुष्य असतो, तसा दुसरा बळी सुधारक असतो. हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजीं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलें. त्यानंतर दोन महिने होण्याच्या आंतच भिवंडी पेटली. ज्या समाजास आपल्या जिवाची भीति वाटते, तो समाज आपल्यांतील स्त्रियांच्या हक्कांची गोष्ट ऐकावयास तयार नसतो. तो आपल्या कट्टर पुढाऱ्याच्या आड जाऊन उभा राहतो. हिंदु समाजाची गोष्टही वेगळी नाहीं. शत्रु दाराशीं आहे अशी हांकाटी झाली म्हणजे जातिभेद, हुंडा व अंधश्रद्धा यांविषयीं बोलणारा मनुष्य घरभेद्या ठरतो. म्हणून शांतता हा सुधारणेचा पायाच आहे, आणि ज्यांस सुधारणा हवी त्यांनीं शांततेच्या कामास दुय्यम लेखूं नये.

आतां करमाळ्यासारख्या गांवानें करावें काय ? शांतता समिती आजही बहुतेक पोलीसठाण्यांत असते. परंतु ती गणपति, मोहरम अथवा ईद जवळ आली म्हणजे भरते. तेच ते पुढारी येतात, चहा होतो, आणि 'आमचें गांव शांत आहे' असें सांगून मंडळी उठतात. ही समिती बारमाही करावी व महिन्यांतून एकदां तिची बैठक व्हावी. तींत पेठेपेठेंतील हमाल, शिक्षक, डॉक्टर, एस्. टी. चे वाहक, बचतगटांतील स्त्रिया आणि तालमींतील तरुण असावेत, व त्यांचीं नांवें नगरपरिषदेच्या फळ्यावर लागावीं. मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि वाद्यें ह्यांचा नियम सणाच्या आधीं ठरावा व तो सर्वांस सारखा असावा. एखादा विखारी मजकूर पसरूं लागला, तर तासाभराच्या आंत तहसीलदार व पोलीस निरीक्षक यांनीं खरी हकीकत त्याच फोनवरून गांवास कळवावी, आणि समितीच्या सभासदांनीं आपापल्या आळींत ती तोंडानें सांगावी. कारण फोनवर आलेल्या खोट्यास शेवटीं ओळखीच्या माणसाचेंच तोंड मारक ठरतें. ज्या शेजारधर्मापासून आम्हीं आरंभ केला, त्याचा खरा उपयोग असा आहे. त्याला संस्थेचा आधार दिला, तर तो आजही मोठें काम करूं शकेल.

ह्यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाहीं, व खर्च म्हणावा असा खर्चही लागत नाहीं. लागते ती महिन्यांतून एक संध्याकाळ, आणि ती दंगा नसतांना देण्याची चिकाटी. येत्या महिन्यांत आपल्या गांवीं अशी सभा भरते कीं नाहीं, आणि न भरल्यास ती कां भरली नाहीं, हें आमच्या वाचकांनीं आपल्या नगरसेवकास, सरपंचास व ठाण्याच्या अधिकाऱ्यास जाऊन विचारावें, एवढीच आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.